दाताळं उडत होतं तिथं

ठण्ण.

आबांनी ट्रॅक्टरची चावी माझ्यासमोरच्या रिकाम्या स्टीलच्या पेल्यात टाकली आणि दोन दिवस गप्प असलेलं आमचं स्वयंपाकघर दचकून जागं झालं. मांडीवरच्या रेवाने पिणं सोडून आवाजाच्या दिशेने मान वळवली. चुलीपुढे बसलेल्या सासूबाईंनी मागे पाहिलं नाही, पण त्यांची फुंकणी थांबली.

"उचल," आबा म्हणाले.

मी चावीला हात लावला नाही. आधी त्यांच्याकडे पाहिलं.

"सड्यावरचं काम तू करायचंस. मी बाजूला बसणार, हात लावणार नाय. काम नीट झालं तर गाडी घरात ऱ्हाईल. नाय झालं, तर सोमवारी लांज्याचा माणूस येतोय, तो घेऊन जाईल. मग रडायचं नाय."

आबा म्हणजे माझे सासरे. आमच्या सातवीणवाडीत पहिला ट्रॅक्टर त्यांनीच आणला होता. आता त्यांचा गुडघा क्लच दाबू देत नव्हता. हे बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. गाडी विकायची असं घरात ठरलं आणि मी मध्येच म्हणून बसले, "मी चालवते की." लग्नानंतरच्या दोन पावसाळ्यांत आबांनीच मला शिकवलं होतं. ते बांधावर उभे राहून ओरडायचे, मी चिखलात गाडी फिरवायचे. पण तेव्हा ती हौस होती. आता रेवा नऊ महिन्यांची होती, आणि अंगावर पिणारं मूल घरी ठेवून बाई सड्यावर ट्रॅक्टर चालवणार, हे सासूबाईंच्या गळी उतरत नव्हतं. म्हणून घरात दोन दिवस अबोला.

"पोरीला भूक लागली की?" त्या चुलीलाच विचारल्यासारख्या म्हणाल्या.

"दुपारी येते ना पाजायला."

"आन् त्याच्या आधी रडली तर?"

"तर तुझी गाणी ऐकव," आबा म्हणाले. "गप ऱ्हाईल. आमी ऱ्हायलोच की."

फुंकणी पुन्हा सुरू झाली. मला वाटतं, त्या हसल्या होत्या.

मी ह्यांचा जुना सदरा चढवला. ओढणी खुंटीवरच ठेवली, कारण फिरत्या लोखंडाजवळ लोंबतं कापड नको, हा आबांचा पहिला नियम होता. चावी उचलली.

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. जांभ्या कातळाचं सपाट मोकळं रान, पावसात हिरवं, उन्हाळ्यात करड्या गवताचं. झाड म्हणून कडेला एक काजू, बाकी आभाळ. दर मे महिन्यात मुंबईहून आलेली पोरं तिथे क्रिकेटचे सामने भरवायची. त्या वर्षी त्यांना मोठं मैदान हवं होतं. सड्याच्या वरच्या अंगाला कातळावर वीतभर मातीचा थर होता, तो भाग त्यांनी निवडला. वरचे दगडगोटे आणि गवताची बुडखी काढून माती सारखी करून द्यायची, एवढं काम.

त्यासाठी आमचं दाताळं. हाताने पाचोळा ओढायचं नव्हे, ट्रॅक्टरचं. सहा फूट लांब लोखंडी पट्टी आणि तिला खाली वाकवलेल्या बोटांसारखे स्प्रिंगचे दात. ट्रॅक्टरच्या मागे खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक, अशा तीन ठिकाणी ते अडकवायचं. लिफ्टने खाली सोडलं की गोटे, काटक्या, सगळं ओढत आणतं आणि मागे माती विंचरल्यासारखी राहते. ती विंचरलेली माती बघायला मला फार आवडायची. रेवाचं जावळ फणीने बसवलं की दिसायचं तसं.

"काय काय?" सड्यावर पोचल्यावर काजूखाली बैठक मारत आबांनी विचारलं. परीक्षाच होती.

"वळताना दाताळं वर. उतरताना दाताळं जमिनीला टेकवून, गाडी बंद, हँडब्रेक, चावी खिशात. मग पाय खाली."

"आन् नजर?"

"मागे."

"मागंच. पुढं बघायला दोन डोळे पुष्कळ झाले. मागं काय चाल्लंय ते ज्याला कळतं तो डायवर."

सामन्यांचा सगळा कारभार रुपेशकडे होता. परळला नोकरी करणारा, अंगाने दणकट, बोलायला तोफ. तो आणि त्याचे चार मित्र कडेला चुना, दोरी घेऊन उभे होते.

"वहिनी, संध्याकाळी खेळपट्टी आखायचीय हां! नाहीतर आम्ही काय गोट्यांवर खेळणार?"

"संध्याकाळी आखा," मी म्हणाले, आणि दाताळं खाली सोडलं.

सकाळ सुरेख गेली. मी हळू गियरमध्ये जायचे, मान वळवून दात बघायचे, टोकाला पोचले की लिफ्ट वर, वळण, पुन्हा खाली. गोट्यांच्या ओळी कडेला साठत गेल्या. रुपेशच्या मित्रांना मी वीस हात लांब उभं केलं होतं, ते तिथूनच शिट्ट्या मारत होते. आबा काही बोलत नव्हते. आबा बोलत नाहीत म्हणजे ठीक चाललंय.

मग वरच्या कोपऱ्यात ते सुरू झालं.

ठक-ठक. ठक. ठक-ठक.

दाताळं उडायला लागलं. दात जमिनीवर टिकेनात. उडायचे, आपटायचे, पुन्हा उडायचे, आणि मागच्या मातीवर लाटा उठायच्या. ती जागा ओलांडली की पुन्हा सगळं गुळगुळीत. परत आले, पुन्हा तिथेच. ठक-ठक. ठक. ठक-ठक.

मी दाताळं टेकवलं, गाडी बंद केली, चावी सदऱ्याच्या खिशात टाकली, उतरले. आबा काठी टेकत आले, पण मोकळा हात पाठीमागेच.

"सांग," म्हणाले.

"वेग जास्त असेल."

"मग?"

वेग निम्मा केला. उडालंच. मग एकेक दात हलवून बघितला, सैल बोल्ट दिसतो का म्हणून. दोन सापडले, आवळले. खालच्या हातांच्या साखळ्या ढिल्या होत्या, त्याने दाताळं डुलतं, त्याही ताणून घेतल्या. उडालंच. डावी बाजू उजवीपेक्षा थोडी खाली होती, ती सारखी केली. टॉप लिंक फिरवून दातांचा कल बदलला. पुन्हा फिरवला. घाम डोळ्यांत गेला. आणि त्यातच छाती दुधाने भरून आली, सदरा पुढून ओला झाला. घरी रेवा उठली असणार. मी सदऱ्यावर हात आडवा धरून तशीच उभी राहिले.

"जा, पोरीला पाजून ये," आबा हळूच म्हणाले. "लोखांड कुठं पळून जात नाय."

मी धावत गेले, धावत आले. परत आले तर काजूखाली भाऊ गुरव बसले होते. गावच्या देवळाची पूजा त्यांच्याकडे. हातात नारळ, आणि चेहऱ्यावर झाल्या प्रकाराची सगळी माहिती.

"राखणदाराला इचारलंत?" त्यांनी मला विचारलं.

सड्याला राखणदार आहे, असं आमच्याकडे सगळेच मानतात. कुठलंही नवं काम काढण्याआधी त्याला गाऱ्हाणं घालायचं असतं. रुपेशच्या मंडळींनी मैदानाच्या खालच्या टोकाला नारळ ठेवला होता, वरच्या टोकाचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हितं त्याची येगळी जागा," भाऊ म्हणाले. "माझा आजा सांगायचा. ढोरंसुदा हितं बसत नायत."

"राखणदाराला टॉप लिंक कळते काय रे भाऊ?" आबांनी विचारलं.

"तुला तरी कुठं कळली सकाळपासून?"

रुपेशचे मित्र फिदीफिदी हसले. आबाही हसले. मग सगळ्यांनी चपला काढल्या. भाऊंनी नारळ दाताळ्यापुढे ठेवला आणि आवाज चढवला.

"बा सड्याच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरं आज लोखांड घेऊन तुझ्या जाग्यात आलीत, न इचारता आलीत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चुकलंमाकलं पदरात घे, आन् ह्या दाताळ्यात काय बिघाड आसंल तो मारगी लाव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज रुपेशचा.

मी गाडी सुरू केली. मनातून मीही म्हणत होते, लाव बाबा मार्गी. पुढे सरकले. मान मागे.

ठक-ठक. ठक. ठक-ठक.

कुणी हसलं नाही. ऊन कलायला लागलं होतं. मला लांज्याचा माणूस दिसायला लागला. सोमवारी तो अंगणात येणार, चाकाला लाथ मारून बघणार, आणि मी ओट्यावर पोर घेऊन बघत बसणार.

"अहो, साधी गोष्ट आहे," रुपेश म्हणाला. "वजन कमी पडतंय. मी उभा राहतो वर. ऐंशी किलो आहे. दात बसतील खाली की झक मारत."

मी काही म्हणायच्या आत तो दाताळ्याच्या पट्टीवर चढला आणि टॉप लिंकला धरून उभा राहिला. एक मित्रही चढायला निघाला.

मी गाडी बंद केली. चावी काढून खिशात टाकली.

"खाली उतरा."

"वहिनी, दोन चकरा फक्त."

"एक हातभर पण नाही."

"अहो, सगळीकडे असंच करतात! शेतात चिखल सारखा करायला फळी ओढतात, तेव्हा तिच्यावर माणूस उभा राहतोच."

"राहू दे. माझ्या गाडीवर नाही."

"तुमच्या?" तो हसला. मित्रांकडे वळून म्हणाला, "बघा, सोमवारपर्यंत तरी हिची आहे." मग काजूकडे हाक मारली, "आबा! तुम्ही या चालवायला. बायकांच्या हातात दिली की असंच, दिवसभर नुसती नटबोल्टांची आरती!"

आबा उठले. काठी टेकत निघाले. ते अंतर फार नव्हतं, पण मला ते फार लांब वाटलं. काम नीट झालं पाहिजे, असं ते म्हणाले होते. मैदान अर्धं उकरलेलं, कोपरा बिघडलेला, आणि मी सगळ्या पोरांसमोर अडून बसलेली. एक शब्द बोलले असते तर मला चावी द्यावी लागली असती.

ते रुपेशपाशी येऊन थांबले.

"उतर."

"आबा, पूर्वी तुम्ही लोक..."

"व्हय. मीच उभा ऱ्हायचो."

त्यांनी लेंग्याचा पाय वर ओढला. नडगीवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खाचा होत्या, तीन, एकसारख्या अंतरावर. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांचं लंगडणं बघत होते. ह्या खाचा मीही पहिल्यांदा बघितल्या.

"गाडीनं एक गचका दिला. एकच. डायवर पुढं बघत होता."

रुपेश उतरला. मित्रालाही हाताने मागे सारलं.

आबांनी लेंगा खाली सोडला आणि माझ्याकडे वळले. "वजन नाय द्यायचं. मग काय करायचं?"

"मला खाली बघायचंय," मी म्हणाले. "दात ठीक आहेत. बिघाड दाताळ्यात नाही. खाली काहीतरी आहे."

मी गुडघ्यांवर बसले आणि दातांपुढची भुसभुशीत माती हाताने सारली. वीतभरही नव्हती तिथे, चार बोटं असेल. खाली कातळ लागला. तापलेला, खरखरीत. आणि कातळात माझी बोटं घसरली.

एक खोबण. अंगठा मावेल एवढी खोल, गोल काठाची. पलीकडे वीतभरावर दुसरी. माती भरून ती जमिनीशी सारखी झाली होती. दात त्यातली माती काढत होते, काठाला लागून उडत होते.

"चीर असेल," रुपेश म्हणाला.

चीर अशी वळत नाही. मी माती ओढत गेले आणि खोबण माझ्यापुढे वळत गेली. कुठेही तुटेना. ओंजळीने माती काढून हात भाजले, तेव्हा भाऊ गुरवांनी पंचा दिला. मग रुपेश माझ्याशेजारी बसला आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागला. त्याच्या मित्राने धावत जाऊन वाडीतून खराटे आणले. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. नुसता खराट्यांचा आवाज.

"पाय हाय हा," भाऊ एका बाजूने म्हणाले. "बगा. खूर."

"हितं दुसरा," आबांनी काठीने दाखवलं.

"आणि हे काय?" रुपेशने विचारलं. तो माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होता. आम्ही एकाच रेषेवर होतो.

मी कशाच्या तरी पोटात उभी होते.

खाली उभं राहून काहीच कळत नव्हतं. इकडे वळण, तिकडे टोक, मध्ये नुसता लाल कातळ. काजू बुटका, त्याशिवाय सड्यावर चढून बघावं असं काही नाही. मी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग आबांकडे. गाडीच्या मडगार्डवर कुणी नुसतं टेकलं तरी ते अंगावर यायचे.

"दाताळं खाली हाय?"

"आहे."

"हँडब्रेक?"

"ओढलाय. चावी खिशात."

"मग चढ," आबा म्हणाले. "बॉनेटवर चढ. मी काठी धरतो, तिचा आधार घे."

मी चप्पल काढून चढले. तापलेला पत्रा तळव्यांना चावला. वळले, आणि सरळ उभी राहिले.

सूर्य उतरला होता. तिरकं ऊन खोबणींच्या काठावर पडून प्रत्येक खोबणीत सावली भरली होती, आणि त्या सावलीने काढल्यासारखं एक जनावर सड्यावर उभं होतं. आमच्या अंगणाहून मोठं. भरदार पाठ, लोंबतं पोट, चार बुटके पाय, मान खाली घातलेली, आणि नाकावर एक शिंग.

"काय दिसतंय गो?" आबांनी खालून विचारलं.

मी अजून त्याचे पाय मोजत होते.

"गो, काय दिसतंय?"

"जनावर आहे, आबा. केवढं तरी. तुम्ही त्याच्या मानेपाशी आहात."

आबा दोन पावलं मागे सरकले, पायाखालची रेघ चुकवून. सगळेच सरकले. भाऊंनी हात जोडले. "रेडा काय?" त्यांनी विचारलं.

"नाकावर शिंग आहे."

"गेंडा," रुपेश हळू म्हणाला. "पण इथे? कोकणात?"

कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी काढला, कधी काढला, तो इथे चरत होता का. एवढंच दिसत होतं की ज्याने काढला त्याने तो जवळून पाहिला होता. मानेखालच्या घड्या होत्या. मागचा एक पाय जरासा पुढे होता, आता चालायला लागेल असा.

मग एकेक करून सगळे बॉनेटवर चढले. आबांनी प्रत्येकाला काठीचा आधार दिला, प्रत्येकाला विचारलं, "दिसला?" शेवटी आम्ही त्यांना वर चढवलं, त्या गुडघ्यासकट. रुपेशने खालून खांदा दिला. आबा खूप वेळ उभे राहिले.

"मी तीस वर्सं ह्या गाडीच्या मागं बघून रेघ मारतो," ते शेवटी म्हणाले. "तरी टोकाला जाईस्तवर वाकडी होते. आन् ह्या बाबानं कातळाला नाक लावून, दगडानं दगड टोकरून..." त्यांनी सभोवार पाहिलं. नुसता सपाट सडा आणि आभाळ. "हेला उभं ऱ्हायला काय होतं रे? हेनं बघितलं कुठनं?"

त्या संध्याकाळी खेळपट्टी आखली गेली नाही. रुपेशने दोरी गुंडाळली आणि चुन्याची पिशवी खांद्यावर घेतली. जाताना माझ्याजवळ थांबला.

"मी उभा राहिलो असतो तर..." तो म्हणाला.

"नाही राहिलात ना," मी म्हणाले.

त्या वर्षी सामने झाले नाहीत. मे संपायच्या आत त्याच पोरांनी सड्यावरचे गोटे वाहून जनावराभोवती बसका गडगा रचला, ढोरं जाऊ नयेत म्हणून. माझ्या दाताळ्याने कडेला जमवलेले गोटे.

सोमवारी लांज्याचा माणूस आला. त्याने चाकाला लाथ मारली, बॉनेटवर पायांचे ठसे बघितले, विचारलं, "हे काय?" आबा ओट्यावर रेवाला खेळवत होते.

"गाडी विकायची नाय," ते म्हणाले. "डायवर नव्हता म्हणून काढलेली. आता हाय."

सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि वर म्हणाल्या, "तुमी उगाच एवढं आलात हो."

रेवा आता सात वर्षांची आहे. गाडी मीच चालवते. तिला माझ्याबरोबर बसायचं असतं, पण ट्रॅक्टरला सीट एकच असते, हे तिला आबांनी सांगून ठेवलंय. म्हणून परवा आम्ही दोघी चालत सड्यावर गेलो. गडग्याशी उभी राहून ती वैतागली. "काहीच दिसत नाहीये आई. नुसत्या रेघा."

ऊन उतरेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी तिला खांद्यावर घेतलं, हळूहळू उभी राहिले. तिचे गुडघे माझ्या कानांना लागले, मुठी केसांत. एकदम त्या मुठी आवळल्या, माझे केस ओढले गेले.

"दिसला?"

"चालतोय," ती पुटपुटली.

मग तिने मान वळवून सड्याकडे पाहिलं असणार, कारण तिचं वजन एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं.

"आई, ज्याने हा काढला, त्याला कुणी खांद्यावर घेतलं होतं?"

"माहीत नाही बाळा. इतकं उंच उभं राहायला इथे काही नव्हतं."

"मग आई, त्याने हा पाहिलाच नाही?"